उचल न घेतलेली गाणी

क्लेमेंट डॉड नावाचा जमैकातल्या किंग्स्टनचा एक तरुण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात ऊस तोडायला गेला. हंगामापुरता करार आणि हंगाम सरला की परत आपल्या बेटावर. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टीकडच्या वाड्यावस्त्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. 

डॉडने परतताना अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताच्या तबकड्या बरोबर आणल्या. त्या वाजवायला त्याने स्पीकर जमवले आणि १९५४च्या सुमारास ‘डाउनबीट’ नावाची साउंड सिस्टिम सुरू केली. मोकळ्या जागेत स्पीकरच्या भिंती उभ्या करायच्या, तिकीट लावायचं आणि किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या लोकांना रात्रभर नाचवायचं. तबकड्या अमेरिकेतून आणायच्या त्यापेक्षा इथेच का करू नयेत, असा विचार त्याच्यासारख्या आणखी काहींच्याही मनात आला. १९६३ साली डॉडने ब्रेंटफोर्ड रोडवर स्वतःचा स्टुडिओ थाटला. ‘स्टुडिओ वन’ या नावाने तो जगाला माहीत झाला. स्का नावाचं संगीत ज्या मोजक्या खोल्यांत घडलं, त्यांत या खोलीचा मान मोठा आहे, आणि ती ऊसतोडीला जाऊन आलेल्या माणसाने बांधलेली आहे.

पण मला सांगायचं आहे ते एका अल्बमबद्दल. कॅलिफोर्नियातल्या बर्कले परिसरातल्या चार पोरांनी १९८९ साली तो केला. बँडचं नाव ऑपरेशन आयव्ही, अल्बमचं नाव ‘एनर्जी’. स्काचा ठेका आणि पंक या आक्रमक रॉक संगीताची आग एकत्र करणाऱ्या संगीताला पुढे स्का पंक म्हटलं गेलं आणि त्याचा पाया घालणाऱ्या तबकड्यांत हिचं नाव पहिल्या ओळीत घेतात. बीडच्या वाचकापुढे मी ती ठेवतो आहे त्याला कारण आहे. ती कशी झाली, कोणाच्या पैशाने झाली आणि तिचे पैसे पुढे कुठे अडकले, हे समजून घ्यायला लागणारा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आपल्या जिल्ह्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तो म्हणजे उचल.

हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. पन्नास हजारांपासून लाखाच्या वर, जशी गरज आणि जसा मुकादम. मग पाच-सहा महिने ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाड्या भरून ती फेडायची. हिशेब मुकादमाच्या वहीत. पाऊस लांबला, बैल बसला, पोर आजारी पडलं, खाडे झाले, की हंगामाअखेर बाकी निघते आणि पुढच्या वर्षीच्या उचलीत जमा होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती महत्त्वाचीच. पण वही ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात राहिली.

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचा करार याच साच्याचा असतो. कंपनी बँडला आगाऊ रक्कम देते. स्टुडिओचं भाडं, निर्मात्याचे पैसे, व्हिडिओचा खर्च, दौऱ्याचा तोटा हे बहुतेक सगळं बँडच्या खात्यावर पडतं. रॉयल्टीतून ते सगळं फिटेपर्यंत कलाकाराला पैसा मिळत नाही आणि एका अल्बमची बाकी दुसऱ्यावर चढते. स्टीव्ह अल्बिनी या अमेरिकी ध्वनिमुद्रकाने १९९३ साली एका लेखात हा हिशेब रुपया-पैशासकट मांडला होता. लाखो डॉलरांच्या उलाढालीत सगळ्यांचे वाटे गेल्यावर बँडमधल्या प्रत्येकाच्या हाती वर्षाचे चार हजार डॉलरच्या आसपास उरतात, असं त्याचं उदाहरण दाखवतं. हा निष्कर्ष मुकादमाच्या अंगणात उभं राहून कोणीही काढला असता.

या दोन उचलींचं दुःख सारखं आहे असं मी म्हणत नाही. गिटार वाजवणाऱ्या पोराला करार मोडून घरी जाता येतं. पहाटेच्या काळोखात उठून, कोपीत भाकरी थापून फडावर जाणाऱ्या आणि बाळंतपणानंतर काही दिवसांत पुन्हा मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईला ते सुख नाही. पण पैसा आधी देऊन माणसाचा पुढचा काळ विकत घ्यायची रीत दोन्हीकडे एकच आहे, आणि ‘एनर्जी’ हा तिच्या बाहेर राहून केलेला अल्बम आहे.

आधी जमैका. उसाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून या बेटावर आणली. १८३८मध्ये ती पूर्ण मोकळी झाल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ जहाजातून पहिले हिंदी गिरमिटिये तिथे उतरले. १९६२च्या ६ ऑगस्टला जमैका स्वतंत्र झाला, आणि त्या आनंदात बेटावर जे वाजत होतं ते स्का होतं.

त्याचा ठेका समजून घेणं अवघड नाही. ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि’ असं हाताने मोजा. आकड्यांवर पाय पडतो. स्कामध्ये गिटार किंवा पियानो पडतो तो ‘आणि’वर, तुटक, छाटून, सूर लांबू न देता. त्यामुळे अंग सतत उचललं जातं आणि बसून ऐकणं जड जातं. वर ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. हे वाजवणारे बरेच जण किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमधले होते. ख्रिस्ती नन्सनी चालवलेली, अनाथ आणि गरीब मुलांची ही शाळा. तिथल्या बँडमध्ये पोरं पितळी वाद्यं शिकायची. आपल्या लग्नाच्या बँडपार्टीतला ट्रम्पेट जसा लष्करी बँडातून गावात आला, तसाच तिथेही. डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, जॉनी मूर, रिको रॉड्रिग्ज ही सगळी अल्फाची पोरं. त्यांतल्या काहींनी इतरांना जोडून घेऊन १९६४मध्ये ‘स्कॅटलाइट्स’ हा बँड उभा केला. तो जेमतेम वर्षभर टिकला, पण त्या वर्षात त्यांनी वाजवलेलं अजून जगभर वाजतं.

आणि इथेही वही होतीच. वादकांना गाण्यामागे ठरलेली मजुरी मिळायची. तबकडी लंडनला खपो की न्यूयॉर्कला, पुढचा पैसा निर्मात्याचा. डॉडबद्दल त्याच्याच गायक-वादकांनी पुढे ही तक्रार वारंवार केली. फडात जाऊन आलेला माणूस स्टुडिओचा मालक झाला, पण मजुरीचा हिशेब त्याने बदलला नाही. मला हे लिहिताना वाईट वाटतं, कारण त्याच माणसाने कितीतरी अनाम पोरांना पहिल्यांदा मायक्रोफोनपुढे उभं केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

स्का इंग्लंडला पोचलं ते कामगारांबरोबर. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ जहाज लागल्यापासून वेस्ट इंडीजची माणसं तिथल्या बसगाड्यांत, इस्पितळांत, कारखान्यांत कामाला येत होती. १९७९मध्ये कॉव्हेंट्री या मोटारींच्या शहरात जेरी डॅमर्सने ‘टू टोन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. काळ्या-पांढऱ्या चौकटींचं तिचं चिन्ह आणि तिच्या ‘स्पेशल्स’ या बँडमध्ये काळी-गोरी पोरं शेजारी शेजारी उभी. अल्फामध्ये शिकलेला रिको रॉड्रिग्ज आता प्रौढ वयात त्यांच्याबरोबर ट्रॉम्बोन वाजवत होता. तेव्हा इंग्लंडात रस्त्यावर वंशद्वेष मोकाट होता. १९८१च्या एप्रिलमध्ये कॉव्हेंट्रीच्या भर बाजारात सतनाम सिंग गिल या विद्यार्थ्याला वर्णद्वेष्ट्यांनी मारलं, आणि त्या जूनमध्ये स्पेशल्सने आपल्या शहरात वांशिक सलोख्यासाठी कार्यक्रम केला. पुढच्याच महिन्यात त्यांचं ‘घोस्ट टाउन’ देशात पहिल्या क्रमांकावर होतं. बंद पडलेल्या शहराचं ते गाणं. त्याच सुमारास बँड फुटला. पण त्यांच्या तबकड्या अटलांटिक ओलांडून कॅलिफोर्नियाच्या पोरांच्या हाती पडल्या होत्या.

बर्कलेला लागूनच त्याच खाडीकाठावर ओकलंड शहर आहे. १९६६ साली तिथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि त्याचं नाव घेऊन १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली. मराठवाड्यात त्या नावाने काय जागं केलं, हे नामांतराच्या लढ्यातून गेलेल्या पिढीला सांगायला नको. सांगायचं इतकंच की, त्या खाडीकाठाची हवा आपल्याला अगदीच परकी नाही.

१९८६च्या ३१ डिसेंबरला बर्कलेतल्या ९२४, गिल्मन स्ट्रीट या पत्त्यावर एका गोदामात पंक संगीताची एक जागा उघडली. शेजारी वेताच्या खुर्च्या विणायच्या सामानाचं दुकान, आणि त्या दुकानाचा मालकच जागेचा घरमालक. ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ या पंक मासिकाचा टिम योहानन आणि त्याच्याबरोबरच्या तरुणांनी ती उभी केली. परवाने काढले, भिंती बांधल्या, संडास बसवले. सगळं स्वतःच्या हाताने आणि बिनपगारी. दारावर नियम लिहिले होते: दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांचा अपमान नाही, समलिंगी माणसांचा द्वेष नाही. अगदी थोड्या पैशांत सभासद व्हायचं. सभासदांच्या बैठकीत सगळे निर्णय व्हायचे. दारू विकत नसल्यामुळे सोळा वर्षांचं पोरही आत येऊ शकायचं, आणि हीच गोष्ट निर्णायक ठरली. अमेरिकेत संगीताच्या बहुतेक जागा बारच्या गल्ल्यावर चालत. तिथे वयाने लहान असलेल्याला ऐकताही येत नसे, मग वाजवणं दूरच. गिल्मनमध्ये आज ऐकणारा पुढच्या महिन्यात मंचावर असायचा.

मे १९८७मध्ये ऑपरेशन आयव्ही तिथे पहिल्यांदा वाजला. गायक जेसी मायकल्स, बर्कले विद्यापीठात शिकवणाऱ्या कथाकार लेनर्ड मायकल्स यांचा मुलगा. गिटारवर टिम आर्मस्ट्राँग, बासवर मॅट फ्रीमन. हे दोघं शेजारच्या ऑल्बनी गावचे, लहानपणापासूनचे मित्र. ड्रमवर डेव्ह मेलो, ज्याच्या घरच्या गॅरेजमध्ये सराव चालायचा. बँडचं नाव एका अणुचाचणीवरून घेतलेलं. १९५२ साली अमेरिकेने पॅसिफिक महासागरात जी चाचणीमालिका केली तिचं सांकेतिक नाव ‘ऑपरेशन आयव्ही’. तिच्यातला १ नोव्हेंबरचा स्फोट हा जगातला पहिला मोठा हायड्रोजन स्फोट, ज्यात एलुगेलॅब हे अख्खं बेट नाहीसं झालं. रेगनच्या काळात अण्वस्त्रांच्या सावलीत वाढलेल्या पोरांनी हे नाव का घेतलं असेल, ते समजू शकतं.

पैसा नव्हता. १९८८च्या वसंतात हे चौघं मित्रांसह एका जुन्या क्रायस्लर मोटारीत बसून सहा आठवडे देशभर फिरले. कोणाच्या तळघरात, कोणाच्या बैठकीच्या खोलीत वाजवायचं आणि तिथेच जमिनीवर झोपायचं. दोन वर्षांत त्यांनी जवळपास १८५ कार्यक्रम केले. अल्बममधली गाणी अशी लोकांपुढे घासून घासून तयार झाली होती. स्टुडिओत जाऊन काय करायचं ते ठरवायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

त्यांची कंपनीही तशीच घरची होती. लॅरी लिव्हरमोर हा कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला मेंडोसिनो जिल्ह्यातल्या डोंगरात राहून ‘लुकआउट’ नावाचं स्वतःचं नियतकालिक काढणारा माणूस. त्याने डेव्हिड हेजबरोबर १९८७मध्ये त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी सुरू केली. जानेवारी १९८८मध्ये त्यांनी गिल्मनच्या चार बँडच्या छोट्या तबकड्या एकदम काढल्या आणि त्यांत ऑपरेशन आयव्हीची सहा गाण्यांची ‘हेक्टिक’ होती. तिची पहिली छपाई लवकरच संपली. लिव्हरमोरने आपल्या आठवणींत लिहिलंय तो व्यवहार साधा होता: खर्च वजा जाता नफ्यातला मोठा वाटा, साठ टक्के, बँडचा, उरलेला कंपनीचा. उचल नाही, त्यामुळे बाकी नाही. वर्षानुवर्षं बांधून घेणारं कलम नाही. तबकडी खपली तर दोघांचं भलं, नाही खपली तर दोघांचं नुकसान.

आता ध्वनिमुद्रण. १९८८च्या अखेरीस बँडने पहिला प्रयत्न केला तो थेट गिल्मनमध्ये. विचार सरळ होता: ज्या जागेत ही गाणी जगली तिथेच ती पकडावीत. ते जमलं नाही आणि ते मुद्रण बाजूला ठेवावं लागलं; पुढे चोरट्या प्रतींतून ते चाहत्यांमध्ये फिरलं. का जमलं नसेल, याचा विचार केला तर एक गोष्ट लक्षात येते. गच्च भरलेल्या गोदामात जो आवाज अंगावर येतो त्यात अर्धा वाटा माणसांचा असतो: त्यांच्या घामाचा, धक्क्यांचा, सोबत ओरडण्याचा. माणसं बाहेर काढली की गोदाम उरतं, छताला आपटून परत येणाऱ्या आवाजाचं. मायक्रोफोन तेवढंच ऐकतो.

जानेवारी १९८९मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘साउंड अँड व्हिजन’ स्टुडिओत गेले. सोबत ध्वनिमुद्रक केविन आर्मी, ज्याने ‘हेक्टिक’वरही काम केलं होतं. माझ्या मते या अल्बमचं निम्मं श्रेय त्याच्या संयमाला आहे. त्याने या पोरांना गुळगुळीत केलं नाही. मायकल्सचा आवाज मुळातच खरबरीत, गाता गाता फाटणारा. तो फाटू दिला. आर्मस्ट्राँगची गिटार ‘आणि’वर छाटते, आणि कडवं संपलं की एकदम पंकच्या सलग घरघरीत शिरते, ही उडी त्याने कुठे लपवली नाही. आणि फ्रीमनचा बास! पंकमध्ये बास बहुधा मागे राहून गिटारची सावली धरतो. इथे तो पुढे येऊन पळतो, वळतो, स्वतःचं गाणं म्हणतो. पितळी वाद्यांची जी जागा मूळच्या स्कामध्ये असते ती बऱ्याच ठिकाणी हा बास भरून काढतो. कारण अल्फाच्या पोरांसारखे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन या बँडकडे नव्हतेच. चार माणसं, तीन वाद्यं. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत स्का पंकची लाट आली तेव्हा बहुतेक बँडनी तीन-तीन पितळी वाद्यं घेतली, आवाज मोठा केला. पण ‘एनर्जी’तली निकड मला त्यांत क्वचितच सापडते.

एकोणीस गाणी, आणि सगळी मिळून पस्तीस मिनिटांच्या आत. पहिलंच ‘नॉलेज’, ज्यात विशीच्या आसपासचा मुलगा आपल्याला आयुष्याचं काही कळत नाही हे छातीठोक सांगतो. ‘युनिटी’ भांडणाऱ्या टोळ्यांना एकत्र या म्हणतं, ‘बॅड टाउन’ गावातल्या हिंसेचं चित्र काढतं, ‘रूम विदाउट अ विंडो’ बंद मनांबद्दल आहे. आणि दुसरंच गाणं ‘साउंड सिस्टिम’, खचलेल्या माणसाला संगीत कसं उभं करतं याचं. नाव कुठून आलं ते आपण पाहिलंच. किंग्स्टनच्या मोकळ्या जागेत स्पीकर रचणाऱ्या लोकांचा तो वारसा चौतीस-पस्तीस वर्षांनी दुसऱ्या देशातल्या, बहुतांश गोऱ्या पोरांच्या तोंडी असा आला. त्यांनी तो नावासकट आणि आदराने घेतला.

मुखपृष्ठ मायकल्सने स्वतः काढलं. टोपी घातलेला, नाचणारा त्याचा स्का माणूस नंतर जगभरच्या पोरांच्या जाकिटांवर आणि वह्यांवर चढला. हाताने काढलेलं चित्र, हाताने लिहिलेली अक्षरं. आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी कागद पुरेना म्हणून की काय, कापडाच्या लांबच लांब पासोडीवर आपला ग्रंथ लिहून काढला. साधन हाताशी असेल ते आणि मजकूर आपला, ही जिद्द मला फार जवळची वाटते.

मे १९८९मध्ये ‘एनर्जी’ बाहेर आला, आणि त्याच महिन्यात बँड संपला. २८ मे रोजी गिल्मनमध्ये त्यांचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. जागा मावेल त्याहून जास्त माणसं आली. त्या रात्री ग्रीन डे नावाचा एक नवखा बँडही वाजला. हे नाव त्याने नुकतंच घेतलं होतं.

बँड का मोडला याला एकच उत्तर नाही. ओळख वाढत होती, मोठ्या सभागृहांतून बोलावणी येऊ लागली होती, आणि ज्या गोदामात आपण घडलो तिथून बाहेर पडल्यावर आपण कोण राहू, हा प्रश्न चौघांना सारखा वाटत नव्हता. मायकल्सला ते ओझं पेलवेना. तो काही वर्षं संगीतापासून दूर गेला आणि पुढे ‘कॉमन रायडर’ घेऊन परतला. आर्मस्ट्राँग दारूच्या आहारी जाऊन अगदी तळाला पोचला. फ्रीमनने त्याला सावरलं आणि १९९१मध्ये दोघांनी ‘रॅन्सिड’ सुरू केला. ‘एनर्जी’ मात्र बँडशिवायच चालत राहिला. जाहिरात नाही, दौरा नाही, व्हिडिओ नाही, दूरचित्रवाणी नाही. एकाने दुसऱ्याला कॅसेट भरून द्यायची. १९९१मध्ये लुकआउटने जुन्या आठ गाण्यांसह सगळी मिळून सत्तावीस गाणी एका सीडीवर आणली. प्रती लाखांच्या घरात गेल्या, त्याही वाजवणारे एकत्र नसताना. उचल घेतली असती तर हे होऊ शकलं असतं का? मला वाटतं, नाही. उचल देणाऱ्याला हंगाम भरून हवा असतो. दोन वर्षांत मोडलेला बँड त्याच्या वहीत बुडीत खातं ठरतो, आणि बुडीत खात्याची तबकडी कोणी पुन्हा छापत नाही.

पण इतक्यावर थांबलो तर ते खोटं ठरेल. ग्रीन डे १९९३मध्ये मोठ्या कंपनीकडे गेला, त्याच्या ‘डूकी’ या अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या, आणि मोठ्या कंपनीच्या बँडला मंच द्यायचा नाही या नियमाने गिल्मनने त्याला दार बंद केलं. ग्रीन डेच्या जुन्या तबकड्यांच्या जोरावर लुकआउटकडेही पैसा आला. लिव्हरमोर १९९७मध्ये बाहेर पडला, कंपनी वाढली, खर्च वाढले, आणि ज्या बँडना साठ टक्क्यांचा शब्द होता त्यांचीच रॉयल्टी थकू लागली. २००५मध्ये ग्रीन डेने आपल्या तबकड्या काढून घेतल्या; पाठोपाठ ऑपरेशन आयव्हीही बाहेर पडला आणि २००७मध्ये ‘हेलकॅट’ या आर्मस्ट्राँगच्याच कंपनीने ‘एनर्जी’ पुन्हा काढला. २०१२मध्ये लुकआउट बंद झाली. विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात विश्वास संपला की हाती काही कागद उरत नाही, हे ऊसतोड मजुराला कोणी शिकवायला नको. म्हणून मी घरच्या कंपनीची आरती ओवाळत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की पोरांच्या तबकडीवर कोणाचं कर्ज नव्हतं, म्हणून ती त्यांना परत मिळवता आली.

बीड जिल्ह्यातही १९९०च्या दशकात एक मुद्रण झालं, आणि ‘एनर्जी’बरोबर ते आठवल्याशिवाय मला राहवत नाही. गी पॉयतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. १९९६मध्ये बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-संशोधक त्यांच्या चमूबरोबर माजलगावच्या भीमनगरात आले. तिथल्या दलित बायांनी बाबासाहेबांच्या, रमाईच्या, बुद्धाच्या ओव्या गायल्या आणि त्या वस्तीतच मुद्रित झाल्या. गिल्मनमध्ये जे साधलं नाही ते इथे साधलं, कारण ओवीला टाळ्यांची गर्दी लागत नाही. ती दळणाऱ्या हातांपुरती असते, आणि मुद्रण करणारा तेवढ्याच अंतरावर बसला होता.

त्या बायांनी पैसा मागितला नव्हता आणि बाजारही तिथे नव्हता. मात्र त्या ओव्या लोकांपर्यंत पोचायला वीस वर्षं गेली. ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने २०१७पासून त्या मजकूर, आवाज आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. मुद्रण होणं ही अर्धी गोष्ट. तबकडी हातोहात नेणारं गोदाम शेजारी असणं ही उरलेली अर्धी, आणि माजलगावला ते नव्हतं. आज ऊसतोड कामगारांची पोरं कोपीसमोर, फडात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गाणी म्हणून मोबाइलवर टाकतात. त्यांना मुद्रणासाठी कोणाची उचल घ्यावी लागत नाही, आणि ऐकणारा तर जिल्हाभर, राज्यभर आहे. नाही ती जागा, जिथे परळीचं पोर गेवराईच्या पोरासमोर उभं राहून वाजवेल आणि पुढच्या महिन्यात ऐकणारा मंचावर येईल. माजलगावला, केजला, अंबाजोगाईला मार्च-एप्रिलनंतर रिकामी पडणारी गोदामं आहेत. दारावर लावायची नियमांची पाटी गिल्मनची जशीच्या तशी उचलली तरी चालेल.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी सुरुवात स्कॅटलाइट्सपासून करावी, ड्रमंडच्या ट्रॉम्बोनसाठी. मग स्पेशल्सचा १९७९चा पहिला अल्बम. मग भीमनगरच्या ओव्या, सावकाश, एका बैठकीत दोन-तीनच. आणि शेवटी ‘एनर्जी’, मोठ्या आवाजात, पहिल्यापासून एकोणिसाव्यापर्यंत न थांबता. वाटेत बाराव्या ‘बॅड टाउन’वर कान द्या. सॅक्सोफोन तेवढ्या एकाच गाण्यात आहे, आणि तो पाहुणा म्हणून आलेल्या मित्राने वाजवला आहे.